खुंटीवरची वायर

पत्र्याच्या फटीतून सकाळचं ऊन आत येतं आणि दाराशेजारच्या खुंटीवर तेवढाच वेळ थांबतं, जेवढा वेळ मला एक कप चहा प्यायला लागतो. खुंटीवर माझी टोपी असते, टॉवेल असतो आणि त्यांच्यामागं मोबाइलची एक कानातली वायर. घेतली तेव्हा दुधासारखी पांढरी होती, आता चहा गाळायच्या फडक्यासारखी झाली आहे. ऊन लागलं की तिला वास सुटतो. आधी तापलेल्या रबराचा, आणि त्याच्याखाली, लई बारीक, खोबरेल तेलाचा. हा तेलाचा वास माझा नाही. मी जल्मात डोक्याला तेल लावलं नाही. तो माझ्या घरच्या माणसाचा आहे. तिला जाऊन तीन पावसाळे झाले. पण कानात घालायच्या त्या दोन गुंड्या, ज्यांना ती कापसासारखी बोंडं म्हणायची, त्यातल्या डाव्या बोंडात तिचं तेल अजून मुरलेलं आहे.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिताना अक्षर वाकडं जातं, पण हात वाकडा जात नाही. या हातानं विहिरी पाडल्या. घाटनांदूरपासून धर्मापुरीच्या शिवारापर्यंत कुठल्याही बांधावर उभं करा, माझ्या हातची एक तरी विहीर दाखवीन. आणि खरं सांगायचं तर विहीर हातानं पाडत नाहीत, कानानं पाडतात. पहार आपटली की कातळ बोलतो. भरीव कातळ तुसड्या माणसासारखा बोलतो, एकच शब्द आणि मग गप्प. पाणी जवळ आलं की त्याच आवाजाला ओल येते, तो थोडा रेंगाळतो, पायाखाली कुणीतरी कूस बदलल्यासारखं होतं. मी खाली कान लावून सांगायचो, अजून दोन हात, आणि दोन हातांवर झरा फुटायचा. लोक भल्यामोठ्या जमिनी असूनही माझ्या कानाची वाट बघत बसायचे. एवढा गर्व मला दुसऱ्या कशाचाच नव्हता.

तोच कान गेला. एका सुरुंगानं ठरल्यापेक्षा आधी तोंड उघडलं. मी वर आलतो, पण काठावर डावं अंग विहिरीकडं करूनच उभा होतो. रक्त काही फार आलं नाही. चार दिवस डोक्यात भुंगा फिरला आणि मग त्या बाजूचं जग बंद झालं, दार लोटून घ्यावं तसं. मी कुणालाच सांगितलं नाही. बहिऱ्या माणसाला सुरुंगाच्या वातीजवळ कोण उभं करील? आणि ज्याच्या कानावर पाणी शोधायचं, तोच कान फुटका निघाला तर त्याला गावात कोण विचारील?

एकट्या माझ्या घरच्या माणसाला कळलं. विहिरीच्या काठावर दगडमाती वर ओढायला यारी असते, तिच्या दोरावर ती असायची. एकदा तिनं वरून हाका मारल्या, मी खाली आपला पहार मारतोय. तिनं तिसऱ्यांदा हाक मारली नाही. दोराला एक हिसका दिला. मी वर बघितलं, तर ती काठावरून माझ्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यात सगळं विचारून झालं होतं. घरी आल्यावर तिनं भाकरी वाढली ती उजव्या अंगाला बसून. त्या दिवसापासून आमचं बोलणं दोरावर आलं. एक हिसका म्हणजे थांब. दोन हिसके म्हणजे चल, वर ये. आख्ख्या कामाला एवढे दोनच शब्द पुरायचे.

पुढं जमिनीत बोअर मारायच्या गाड्या आल्या आणि माझ्यासारख्यांचं काम संपलं. उजवा कानही उतरत चालला. त्याच सुमाराला घरात बटनांचा मोबाइल आला. त्यात रेडिओ होता, पण वायर खुपसल्याशिवाय तो बोलायचा नाही, वायरीतूनच त्याला हवेतलं ऐकू यायचं म्हणे. दिवस कलायला लागला की आम्ही दोघं ओट्यावर बसायचो. उजवं बोंड माझ्या चांगल्या कानात, डावं तिच्या कानात, मधे वायरीचा झोका. बाजारभाव व्हायचे, भजनं व्हायची. मला निम्मं कळायचं, निम्मं ती मान डोलवायची त्यावरून मी डोलवायचो. कुणी ओट्याशी आलं, काही विचारलं, की वायरीला बारीक हिसका बसायचा. एक हिसका: गप बस, मी बोलते. दोन हिसके: ऊठ, माणूस आत बोलवायचा आहे. गाव म्हणायचं, म्हातारा गाण्यात गुंगलाय, आता कुणाला दाद देत नाही. मला ते लई बरं वाटायचं. कारण न ऐकणारा माणूस आणि ऐकू न येणारा माणूस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. न ऐकणाऱ्याला लोक शिव्या देतात. ऐकू न येणाऱ्याची कीव करतात, त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलतात, आणि मग हळूहळू त्याला दाराजवळच्या बाजेवर बसवून ठेवतात.

हे मी मनानं रचून सांगत नाही. आमच्या आळीत एक म्हातारा आहे, माझ्याच वयाचा. ट्रकचा हॉर्न ऐकू आला नाही, थोडक्यात वाचला. तेव्हापासून त्याच्या पोरांनी त्याला उंबऱ्याबाहेर पडू दिलं नाही. दिवसभर रस्त्याकडं बघत असतो, खुंट्याला बांधलेल्या शेळीसारखा. आणि रस्ता म्हणजे तरी कसला, आमच्या घराच्या आणि शेताच्या मधून गेलेला, रुंद केलेला. त्याच्या पलीकडं माझी शेवटची विहीर आहे, मी माझ्यासाठी पाडलेली. सकाळी तिच्या काठावर जाऊन बसल्याशिवाय मला दिवस उगवल्यासारखा वाटत नाही. बायको गेल्यावर मी दोन्ही बोंडं कानात घालून एकटाच जायचो. लेक ओरडायचा, वायर काढून रस्ता वलांडत जावा म्हणून. मी म्हणायचो, बरं. तो चिडला की मला सुरक्षित वाटायचं. त्याला वाटत होतं, बाप हट्टी आहे. तेवढंच वाटू द्यायचं होतं.

मग जुना मोबाइल पाण्याच्या हौदात पडला. लेकानं नवा आणला, आरशासारखा गुळगुळीत. मी वायर घेतली आणि त्याच्या चारी कडांवरून नख फिरवलं. खाली चार्जिंगची एक फट, बाकी सगळा भरीव कातळ. वायरीचं भोकच नव्हतं. लेक म्हणाला, आता असंच येतंय. आणि त्यानं डबी उघडून दोन बिया काढल्या, चिंचोक्याएवढ्या, बिनवायरीच्या. या घाला कानात. मी डबी मिटून परत दिली. त्याला कसं सांगू, की मला गाणं नको होतं. लोकांना लांबून दिसेल अशी वायर मला हवी होती.

आठ दिवस मी वायरीची पिन नुसतीच खिशात सोडून हिंडलो. वाकलो की वाटायचं पिन बाहेर लोंबेल. कुणी जवळ आलं की हात खिशावर जायचा. आयुष्यभर खोल विहिरीत उतरलो, पण इतका कोंडल्यासारखा कधी झालो नव्हतो. नवव्या दिवशी जेवताना लेकानं हात थांबवला आणि माझ्या तोंडाकडं बघत मोठ्यानं विचारलं, “त्या मोबाइलला वायर बसतच न्हाई. मग कानात घालून काय ऐकताव?”

मी म्हणालो, उद्या अंबाजोगाईला जाऊन बसवून आणतो. सून म्हणाली, मलाबी काम हाय, मी येते.

मोबाइलच्या दुकानात शिरलो तर माझ्याआधीच तिथं दोघं भांडत होते, आणि माझ्याच दुखण्यावरून. त्यांचं भांडण मला अर्धं हातवाऱ्यांवरून समजलं, अर्धं सुनेनं नंतर सांगितलं. एक जीपवाला मोबाइल उलटा धरून म्हणत होता, फट एक आणि कामं दोन. चार्जिंग लावली की गाणं बंद, गाणं लावलं की मोबाइल मरतो, मी अंबाजोगाई ते परळी काय स्वतः गात जाऊ? कॉलेजातल्या एका पोरीची एक बी एसटीत सांडली होती, तिला एकटीच बी पाहिजे होती आणि दुकानदार जोडीशिवाय देत नव्हता. ती म्हणत होती, वायर असती तर एक हरवलं नसतं, दोन्ही एकमेकाला धरून असतात. हे तिचं वाक्य माझ्या मनात अजून आहे. दुकानदारानं शेवटी हात जोडले. म्हणाला, “भोक कंपनीनं काढलं. मी न्हाई बुजवलं.”

मला त्याच्यासाठी वाईट वाटलं. रस्ता रुंद झाला तेव्हा माझ्या दोन विहिरी बुजवल्या, तेव्हा मुरूम टाकणारा गडीही हेच म्हणाला होता.

माझी पाळी आली. दुकानदारानं बोटभर लांबीचा एक जोड काढला, एक तोंड फटीत जाणारं, दुसऱ्यात जुन्या वायरीची पिन. मी बोंडं कानात घातली. तेवढ्यात जीपवाला परत मधे पडला, दुकानदार त्याच्याकडं वळला, मग माझ्याकडं बघून त्यानं भुवया उंचावल्या. हा प्रश्न मला पाठ होता. आवाज येतोय का, दुसरं कुणी काय विचारणार? मी डोळे अर्धे मिटले, मान डोलवली, तिच्यासंगं ओट्यावर डोलवायचो तशीच, आणि म्हणालो, “येतोय. दोन्हीकून लई साफ येतोय.”

डोळे उघडले तर सगळे काउंटरच्या काचेकडं बघत होते. काचेवर माझ्या वायरीची पिन उघडी पडली होती. जोड अजून दुकानदाराच्या हातातच होता.

जीपवाला माझ्या अगदी समोर होता, त्याचे ओठ मला स्वच्छ वाचता आले. “कोणतं गाणं लागलंय बाबा? आमाला बी ऐकवा की.”

पोरगी हसली, मग तिनं तोंडावर हात घेतला. सून माझ्या उजव्या बाजूनं पुढं झाली. “मामा चेष्टा करायलेत तुमची,” ती म्हणाली, जरा मोठ्यानं, मला ऐकू जावं म्हणून. “एवढा येळ ताटकळत ठेवलंय म्हाताऱ्या माणसाला, दुसरं काय करावं त्यांनी?” दुकान तिच्या बाजूनं हसलं. मी वायर गोळा केली आणि बाहेर आलो. जोड तिथंच राहिला.

परतीच्या जीपमध्ये ती माझ्या उजवीकडं बसली. आणि मला तेव्हा कुठं दिसलं, की ती नेहमी उजवीकडंच बसते. बारा वर्षं ताट उजवीकडून येतं, चहा उजवीकडून येतो. चार कोस गेल्यावर मी विचारलं, “कधीपासून ठावं हाय?”

ती कानाशी आली. “लगीन होऊन आले त्याच आठवड्यात. आत्यांनी सांगितलं. मामांच्या डाव्या अंगाला बोलायचं न्हाई, आन् बोलत न्हाई हे दिसू बी द्यायचं न्हाई.”

“त्याला?” म्हणजे लेकाला.

“त्यांला कशाला सांगू? सांगितलं तर तुमची विहीर बंद करतील.” मग म्हणाली, “पर आता रस्त्याला मी येनार तुमच्यासंगं.”

 राग आला होता, आणि कुणाचा ते ठरत नव्हतं. मी ज्या गुपिताला दोर लावून इतकी वर्षं खोल सोडलं, त्याच्या काठावर घरातल्या दोन बायका आधीच बसलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सून गोठ्यात होती तेव्हा मी टोपी घातली, वायर घेतली आणि एकटाच निघालो. हट्टानंच. उजवं बोंड कानात, डावं छातीवर सुटं, पिन खिशात. रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. आतापर्यंत मी कसा जात होतो कुणास ठाऊक. त्या सकाळी पाय उचलेना. काचेवरची ती उघडी पिन डोळ्यासमोरून हटेना. आवाज नसलेल्या गाड्या नुसत्या वाऱ्यासारख्या अंगावरून जात होत्या, आणि विहिरीच्या तळातून काठ जितका लांब दिसतो तितका पलीकडचा बांध लांब दिसत होता. मागंही फिरवेना. मागं बाज होती.

किती वेळ गेला माहीत नाही. मग शेणानं भरलेल्या हातांनी ती आली आणि बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या डाव्या अंगाला उभी राहिली. बोलली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. छातीवर लोंबणारं डावं बोंड तिनं दोन बोटांत धरलं, आणि वायरीला एक हिसका बसला.

मी थांबलो. उसाचा ट्रक गेला, त्याच्या वाऱ्यानं धोतर पायाला चिकटलं.

हे तिला कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही. स्वयंपाकघराच्या दारातून ओटा दिसतो. मग दोन हिसके बसले.

आता रोज असंच असतं. लोक बघतात, म्हातारा कानात वायर घालून चाललाय आणि सून त्याला ओढतीय, म्हणजे म्हातारा किती हट्टी. मी सुटलो असं मात्र मी म्हणणार नाही. रोज सकाळी कुणीतरी हातातलं काम टाकून काठावर येतं, तेव्हा मी वर येतो. खाली उतरलेल्याला आपलं वजन कळत नाही, ते दोर धरणाऱ्याला कळतं, आणि जिनं ते एवढी वर्षं तोललं तिला मी एकदाही विचारलं नाही, की जड होतो का. विहिरीवर बसलो की पहार दगडावर आपटून बघतो. आवाज येत नाही, पण तळहाताला थोडी थरथर पोचते. परत आल्यावर वायर खुंटीवर अडकवतो. डाव्या बोंडाला आता शेणाचा वास लागायला लागलाय. खोबरेलाचा आहे अजून, पण नाकाशी धरून, डोळे मिटून, जरा शोधावा लागतो.