पाळणा पोचला नाही

लेकीच्या बाळाचं बारसं अमेरिकेत होतं आणि पाळणा नाशकातून आजीनेच म्हणायचा, असं मायलेकींनी ठरवून टाकलं होतं. म्हणून इंटरनेटवरून बोलायचा प्रोग्राम आमच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर बसवायची जबाबदारी माझ्यावर आली.

लिनक्सवर प्रोग्राम बांधलेल्या गाठोड्यासारखा येतो आणि गाठोडी बांधायच्या पद्धती निरनिराळ्या. माझ्या मशीनला ‘डेब’ चालायचं. एकलहऱ्याच्या मेव्हण्याने दिलेल्या सीडीवर निघालं ‘आरपीएम’. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायची सोय होती, ती वापरली. प्रोग्राम उघडला. पण पाहतो तर आवाजाची तीच फाइल आता दोन ठिकाणी, एक जुनी, एक नवी. घरात दिवाळीची आवराआवर चालू होती. हिने दोन किसण्यांपैकी एक त्याच दिवशी कामवालीला देऊन टाकली होती. मीही जुनी फाइल काढून टाकली. गाणं लावून पाहिलं, स्वच्छ वाजलं. माइक तपासायचं काही सुचलं नाही.

बारशाच्या संध्याकाळी ही गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदाकाठच्या बाजारातून, आणलेली वेणी माळून माइकसमोर बसली. हेडफोन माझ्या कानांवर. जोडणी होईस्तोवर तिकडे बाळाला पाळण्यात घालायची वेळ झाली होती.

“बाबा, आईला सांगा, सुरू कर!”

मी खूण केली. हिने डोळे मिटले आणि पहिलं कडवं उचललं.

“बाबा? आवाज येत नाहीये. आई म्हणतेय का?”

‘म्हणते आहे,’ मी टाइप केलं. माइक त्या जुन्या फाइलवरच चालत असणार; ती परत बसवावी, तर मशीन म्हणे आधी नवं गाठोडं काढा. ते काढलं की लेकीचा आवाजही जाणार. फोन करावा, तर आमची एकुलती लाइन इंटरनेटला जुंपलेली, तिचीही तशीच.

“थांबवा ना तिला! सगळे खोळंबलेत इथे.”

थांबवणार कसं? ही तिसऱ्या कडव्यात होती. शेवटी ही अखेरच्या कडव्यावर आली तेव्हा लेकीनेच तिकडे पाळणा म्हणायला सुरुवात केली.

“पोचलं का हो?” स्वतःचा पाळणा म्हणून झाल्यावर हिने विचारलं.

“नाही. आपलं काहीच जात नाहीये तिकडे.”

मी हेडफोन काढून तिच्या कानांवर चढवला. लेकीचा पाळणा संपेपर्यंत ती ऐकत राहिली.

“दुसरं कडवं गाळलंन् की हिने,” ती म्हणाली, आणि माइक तोंडाशी ओढून राहिलेले शब्द सांगू लागली.