इक्बालभाई खरंच निघाले होते का?

फोन आला तेव्हा मी एका गॅरेजात ठोकलेल्या गाडीपाशी उकिडवा बसलो होतो. मी विम्याचा सर्व्हेअर. पत्रा कुठे चेपलाय यावरून धडक कशी बसली ते ठरवणं हे माझं काम. पलीकडून कुणी सांगितलं, इक्बालभाई गेले, ऑफिसातच, खुर्चीत बसल्या बसल्या. मी वेड्यासारखा त्या पत्र्याकडेच बघत राहिलो...

इक्बालभाई दापोलीकडचे. तत्त्वज्ञानात एम.ए. करून इकडे आखातात, मनामातल्या एका शिपिंग ऑफिसात चिकटले, पण डोकं ग्रीकांपाशीच राहिलं. शुक्रवारी सूकमधल्या, म्हणजे इथल्या बाजारातल्या, चहाच्या दुकानात आमचा वाद ठरलेला. "अरे, तुझं पोट ग्रीकांवर चालतं, तुला पत्ता नाही," म्हणायचे. ग्रीकांनी म्हणे खुणांच्या दोन जाती सांगितल्या होत्या. एक खूण, गोष्ट खरी असो वा खोटी, दिसतेच. तिच्यावर विसंबायचं नाही. दुसरी, गोष्ट खरी असल्याशिवाय असूच शकत नाही. "बंपर चेपलाय, ही पहिली. त्यावर समोरच्या गाडीचा रंग लागलाय, ही दुसरी," असा माझाच धंदा ते मला शिकवत. मी म्हटलं, रंग आधीच्या धडकेचा असला तर? ते भलतेच खूश झाले. "यल्ला, तू संशयवादी झालास! चहा तुझ्याकडून."

दफन इथेच झालं. त्यांची बायको, शाहिदाभाबी, गावाला; त्यांना शेवटचं बघताही आलं नाही. काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "भाऊ, एकच सांगा. या खेपेला ते कायमचे येणार होते का? दर वर्षी म्हणायचे, खलास, आता नोकरी सोडतो. खरंच येणार होते, की मला बरं वाटावं म्हणून नुसतं बोलायचे?"

तेव्हापासून मला चैन पडेना. त्यांची खोली आवरायला गेलो आणि उलथीपालथी करून आलो. दोरीने बांधलेला खोका, त्यावर मार्करने नाव-गाव... पण सुट्टीवर जाणाराही असाच बांधतो. नवं ब्लँकेट, तेही तसंच. व्हिसा नुकताच रिन्यू झालेला, पण ते ऑफिस आपोआप करतं. सगळ्या पहिल्या जातीच्या खुणा. मला त्यांचा रागच आला. एवढे ग्रीक वाचले, एक धड खूण मागे ठेवता आली नाही?

घरी धुसफुसत होतो, तर ही म्हणाली, "त्यांची विळी आपल्याकडे आहे की."

नारळ खवायची विळी. गावाहून सामानात घालून आणलेली. सुट्टीवर जाताना ती कुलपात ठेवून जायचे, रूममेटला हात लावू द्यायचे नाहीत.

"ठेवायला दिली असेल."

"छे! म्हणाले, वहिनी, आता ही तुमची. मी चाललो नारळाच्या गावाला."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

लगेच भाबींना फोन लावला. सांगताना मला चक्क आनंद झाला होता, एखादी अडलेली केस सुटावी तसा. त्या म्हणाल्या, "विळी देऊन टाकली? म्हणजे येणारच होते..." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या रडल्या. "नुसतं बोलत होते असं निघालं असतं ना भाऊ, तर रागावून तरी दिवस काढले असते."

विळी आमच्या ओट्याखाली आहे. हिने नारळ फोडला की मी चपला घालून खाली जातो, आणि खवून होईपर्यंत वर येत नाही.