जांभळीवर टांगलेला नंबर

तुमच्या बँकेला जोडलेला मोबाईल नंबर तुमचा आहे की घराचा? हिर्डोशीच्या वरच्या अंगाला आमच्या वस्तीत नंबर घराचा असतो. आमचा फोन अंगणातल्या जांभळीला पिशवीत टांगलेला असतो, कारण रेंज फक्त त्या फांदीवर येते.

आईला बोधिवृक्ष दाखवायला मी श्रीलंकेत नेलं होतं. अनुराधापुरात तिला दम्याचा झटका आला आणि तिच्याजवळचा औषधाचा पंप संपलेला निघाला. रोकडही संपली होती. औषधाच्या दुकानात मी नवा पंप मागितला आणि माझ्या मोबाईलवरच्या बँकेच्या ॲपमधून पैसे भरायला गेलो. परदेशातला व्यवहार म्हणून ॲपने ओटीपी मागितला. तो गेला थेट जांभळीवर.

मी घरी फोन लावला. बाबा स्पीकरवर ओरडले, "थांब, खाली काढला की रेंज जाती. बाजंवर चढून वाचतो."

त्यांनी वाचलेला ओटीपी चुकला. दुकानदार पंप हातात धरून माझ्याकडे बघत होता. बाकावर बसलेल्या आईला शब्दही धड फुटत नव्हता.

"चष्म्याबिगर त्यास्नी... बायकू बी वळखू येत न्हाई," ती धापा टाकत म्हणाली.

मी दुसरा ओटीपी मागवला. बाबांनी चष्मा घालून एकेक आकडा सावकाश वाचला, तेव्हा कुठे पंप आईच्या तोंडाला लागला.

जगात कुठेही पैसे भरा, असं जाहिराती सांगतात. त्या जगात आमची वस्ती कुणी धरलेलीच नाही. तुमच्या पुढच्या ग्रामसभेत रेंज नसलेल्या वस्त्यांचा ठराव मांडा, आणि तो लिहून घेतल्याशिवाय उठू नका.