नियम कुणाचे, चूक कुणाची

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, सुरुवातीपासून माझ्याबरोबर काम करणाऱ्या माणसांजवळही नाही. बोलायला तोंड उघडलं की जीभ आपोआप दुसरीकडे वळते — आमच्या कामाकडे. आताही तिकडेच वळते आहे. वळू दे. कारण ते काम सांगितल्याशिवाय ही चूक किती मोठी, ते तुम्हाला कळणार नाही.

मी कोल्हापुरात सहली काढतो. छोटी कंपनी आहे, उचगावच्या रस्त्याला दोन खोल्यांचं ऑफिस. मलकापूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथं आम्ही पाहुणे नेतो. एका वेळी बाराच माणसं. हॉटेल नाही, वाडीतल्या घरांतच राहायचं. बायका करतील ते खायचं — नाचणीची भाकरी, वरण्याची उसळ. तांबडा-पांढरा रस्सा हवा असेल तर शहरात खाऊन या, असं आम्ही आधीच सांगतो. स्पीकर नाही. आपला कचरा आपल्या पिशवीत घालून कोल्हापूरला परत. आणि सगळ्यात महत्त्वाचं — दर सहलीआधी मी वाडीला फोन करून विचारतो, येऊ का? भातकापणी असेल, कुणाच्या घरी दुःख असेल, किंवा नुसता कंटाळा आला असेल, वाडी नको म्हणाली की सहल रद्द. पाहुण्यांनी कितीही आदळआपट केली तरी रद्द.

या सगळ्याचा मला अभिमान आहे. खोटा नव्हे, खरा. त्या वाडीतल्या चार मुली आज वाटाड्या म्हणून पुढे चालतात आणि शिकलीसवरलेली माणसं त्यांच्या मागून गुमान चालतात, तेव्हा माझा ऊर भरून येतो. का येऊ नये?

लोक मला भाषणाला बोलावतात. हे सुचलं कसं, असं विचारतात. माझं उत्तर ठरलेलं असतं — सुरुवातीला आमच्या वाटाड्याच्या हातून एक चूक झाली, वाडीचं पाणी नासलं, त्यातून आम्ही शिकलो. लोक माना डोलावतात. मी पाणी पितो आणि पुढचं बोलू लागतो.

तो वाटाड्या म्हणजे कृष्णातमामा.

मामा वाडीचं पाणी राखायचे. वाडीच्या वर एक डोह आहे, त्यातून झिरपणारं पाणी खाली दगडी टाकीत येतं आणि सगळी वाडी ते पिते. मामांच्या आधी त्यांचे वडील ते राखायचे. पगार नव्हता, मान होता. डोहाकडे जाताना मामा पायतान खाली काढून ठेवायचे. मी पहिल्यांदा वाडीवर गेलो, तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. म्हणाले, "पावणं आणा, फिरवा, खाऊ घाला. वरच्या डोहाला तेवढं नगा नेऊ. पितोय आमी ते."

मी हो म्हणालो होतो.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी पहिल्यांदाच मोठी बस नेली. चाळीस माणसं. तेव्हा कसला नियम न् कसलं काय — बस भरली याचाच आनंद. मामांच्या मागून चढ चढताना एका वयस्कर बाईंचा पाय मुरगळला. मामांनी त्यांना आधार देत खाली आपल्या घरी नेलं. वर उरलो मी आणि बाकीचे. ऊन चांगलंच तापलं होतं. कुणीतरी विचारलं, इथं पाणी कुठं आहे? दुसरा म्हणाला, वरून आवाज येतोय की.

मला वाट माहीत होती. मामांनीच एकदा लांबून दाखवली होती, इकडं यायचं नाही हे सांगण्यासाठी.

मी पुढे झालो. हो, मीच. पाहुणे खूश होऊन घरी जावेत, चार जणांना सांगावं, पुढची बसही भरावी — एवढंच माझ्या डोक्यात होतं. माणसं डोहात उतरली. साबण निघाले, शाम्पूच्या पुड्या फुटल्या. एका बाईनं लेकराचे घाण झालेले कपडे तिथंच धुतले. मी बघत नव्हतो असं म्हणू? मी बघत होतो. मी त्यांचे फोटो काढत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवर फेस आला होता. पाण्याला सुगंधी वास येत होता — पिण्याच्या पाण्याला. बायकांनी रिकाम्या घागरी खाली ठेवल्या. वाडी देवळापुढे जमली. पाहुणे बसमध्ये बसत होते, त्यांना कुणी काही विचारलं नाही. मला विचारलं.

"वर कोण घिऊन गेलतं?"

किती सोपा प्रश्न होता. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "मला कुठली वाट माहीत? वाटाडे मामाच होते."

मामा पायरीशी उकिडवे बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामी बायकांत उभी होती. आम्ही डोहावर होतो तेव्हा मामा घरात बसून पाहुणीच्या पायाला हळदीचा लेप लावत होते, हे तिला ठाऊक होतं. तिनंही माझ्याकडे पाहिलं. मग मामा खाली बघत म्हणाले, "चुकलं."

एवढंच. मी बसमध्ये चढलो.

वाडीनं मामांकडून पाण्याची राखण काढून घेतली. टाकी उपसून, घासून, पुन्हा भरेपर्यंत बायकांनी खालच्या ओढ्यावरून पाणी वाहिलं. टाकी मामांनी एकट्यानं घासली, असं मला नंतर कळलं. तेव्हा मी कोल्हापुरात त्या सहलीचे फोटो लोकांना पाठवत होतो.

सहा महिने मी तिकडे फिरकलो नाही. मग एकदा हिय्या करून मामांच्या दारात गेलो. मामीनं चहा आणून ठेवला आणि आत गेली. मी विचारलं, "का बोलला न्हाईसा मामा?"

"तुमचं नाव निघालं असतं तर तुमची गाडी परत आली असती व्हय? बायांनी कुठं नुकत्या पावण्यांसाठी चुली मांडल्या हुत्या. चार पोरी कामाला लागल्या हुत्या." मग म्हणाले, "माझं काय, मी हितलाच हाय. पर आता नीट करा."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. माणसं थोडी आणा. आमच्या घरात आमच्यागत ऱ्हावा. घाण उचलून न्या. यायच्या आदी इचारा. मी वहीत लिहून घेत होतो. ज्या नियमांसाठी लोक माझ्या नावानं टाळ्या वाजवतात, ते असे आले — ज्याच्यावर मी खोटा आळ घातला, त्याच्या अंगणात बसून, त्याच्या तोंडून. मी फक्त त्यांची भाषा शहरी केली.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की तेव्हा मी घाबरलो होतो. नवा होतो, धंदा बुडाला असता. पण गेल्या वर्षाचं काय?

गेल्या वर्षी वाडीनं माझा सत्कार केला. नव्या सरपंचबाई बोलायला उठल्या. ज्या मुली पहिल्यांदा कामाला लागल्या होत्या, त्यांच्यातलीच ही एक. म्हणाली, "आमच्याच माणसानं पाणी नासवलं, आन् ह्या पावण्यानं आमाला पाणी राखायला शिकवलं." मामा पुढच्याच रांगेत बसले होते. सत्तरीला टेकलेत आता. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी मला कसली भीती होती? कसलीच नाही. कंपनी उभी आहे, नाव आहे. उठून दोन वाक्यं बोललो असतो तर काही कोसळणार नव्हतं. पण मी मान वाकवली आणि शाल घेतली. आणि इतका वेळ ज्याच्याभोवती फिरतोय ते हे — ती बोलत होती तेव्हा मला बरं वाटत होतं. क्षणभर मला ते सगळं खरंच वाटलं. पहिल्या वेळी मी भित्रा होतो. दुसऱ्या वेळी मी सुखात होतो.

कामाचा अभिमान मला आजही आहे. मामांचा तर त्याहून जास्त आहे. पण तो मी कधी मोठ्यानं बोललो नाही, कारण मोठ्यानं बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता — मग वर नेलं कुणी?

येत्या रविवारी वाडीवर ग्रामसभा आहे. सरपंचबाईंकडून मी बोलायला थोडा वेळ घेतला आहे. विषय सांगितलेला नाही. मामांनाही सांगितलेलं नाही, ते अडवतील. माणसं डोहावर मी नेली, मामा तेव्हा घरात होते आणि त्यांनी मला आधीच नको म्हटलं होतं — एवढं बोलून मी खाली बसणार आहे.