रताळे, १ साल

चूक माझीच. काका बाहेर बाकावर होते, आत डॉक्टरीणबाई त्यांचं पथ्य सांगत होत्या, मी लिहून घेत होतो, आणि लिहिताना अक्षरं वाचवायची माझी शाळेपासूनची खोड. "तळलेला बटाटा बंद. त्याऐवजी दुपारी एक रताळं, उकडून, सालासकट," असं त्या म्हणाल्या. मी 'एक'चा आकडा केला, 'सालासकट'चं नुसतं 'साल', आणि लिहिलं, 'रताळे, उकडून, १ साल.' आणि मोठं काम केल्याच्या थाटात चिठ्ठी काकांच्या हातात दिली.

काका वर्कशॉपात लेथवर टर्नर, म्हणजे फिरत्या यंत्रावर लोखंड कातणारे. तीस वर्षं त्यांनी एकच धर्म पाळलाय: ड्रॉइंगमध्ये आहे तेवढंच कापायचं, आपली अक्कल चालवायची नाही. छातीत कळ आली म्हणून महिनाभर घरी बसवलं होतं. महिन्याने तपासणी, ती नीट आली तरच कामावर. दुखण्याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. आपल्या लेथवर परका माणूस उभा आहे, हे मात्र सहन होत नव्हतं.

चिठ्ठी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवली गेली. एक साल, म्हणजे वर्षभर रताळं. दुसरं काही लिहिलं नव्हतं, म्हणून दुसरं काही खायचं नाही. सालं ठेवा असंही नव्हतं, म्हणून ती काका स्वतः सोलत. इतकी पातळ की आरपार दिसावं. ती जायची शेजारच्या शेळीला.

"अहो, निदान वाटीभर डाळ घ्या," काकी म्हणायची.

"कागदावर आहे?"

"कागदावर पाणी तरी कुठाय? ते बरं पिताय."

"उकडून म्हटलंय. त्यात पाणी आलंच."

दहाव्या दिवशी काकीने मला फोन केला. "काय लिहून दिलंयस रे बाबा? माणूस रताळ्याशिवाय कशाला शिवत नाही."

"बरोबर लिहिलंय, काकी. त्यांना करू दे," मी म्हणालो. इतक्या खात्रीने म्हणालो की तिने पुढे विचारलंच नाही.

तपासणीला मीच घेऊन गेलो. वजन पाच किलोने उतरलेलं, खुर्चीतून उठताना काकांना भोवळ आली.

"खाता काय तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रताळं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. एक साल खायचंय ना?" भिंतीवरून सोडवून आणलेली चिठ्ठी काकांनी खिशातून काढून टेबलावर ठेवली.

बाईंनी ती वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघू लागलो.

"साल म्हणजे वर्ष नाही हो. साल म्हणजे वरचं. तंतू त्यातच जास्त असतात. रताळं हृदयाला चांगलं, पण ते ताटाच्या एका कोपऱ्यात. डाळ, उसळ, पालेभाजी कुठे गेली? आणि सालं काय केलीत?"

"शेळीला."

"मग तिची तब्येत ठणठणीत असेल. तुम्ही आणखी तीन आठवडे घरी. अंगात ताकद आल्याशिवाय मशीन नाही."

घरी आल्यावर काका दारात चपला काढताना म्हणाले, "ड्रॉइंग चुकलं की माल वाया. दोष टर्नरचा नसतो."

"टर्नरला डोकं असतं ना?" काकी कडाडली. "वर्षभर नुसतं रताळं खा, असं कुठला डॉक्टर सांगेल?"

"मला वाटलं, नवीन औषध निघालं असेल."

मग काकांनी मला समोर बसवून चिठ्ठी पुन्हा लिहून घेतली. तीन वेळा फाडली. चौथीवर माझी सही आणि तारीख घेतली.

"माझे एकवीस दिवस गेले तुझ्यापायी," ते म्हणाले. "वर्कशॉपात जुनी ड्रॉइंगं पुसट झालीत. गेलेल्या प्रत्येक दिवसामागे एक, अशी एकवीस उतरवून दे. खाडाखोड नको."

काका कामावर जाऊन दोन महिने झाले. दुपारच्या डब्यात एक रताळं असतं, सालासकट, आणि सोलून खाणाऱ्या सोबत्याला ते आता तंतूंवर व्याख्यान देतात. माझी आजवर चार ड्रॉइंगं पास झालीत. पाचवं काल परत आलं. माझा एक आणि माझा सात त्यांना सारखेच दिसतात म्हणे.