चाळीसवरचा काटा

ते प्रकरण आठवलं की आजही आधी चीड येते. त्या गाडीवाल्या सरांची थोडी आणि स्वतःची जास्त.

मार्केट यार्डात तोलणार म्हणून काम करणारे एक गृहस्थ सकाळी सायकलवरून कामावर निघाले होते. यार्डाच्या अलीकडच्या रस्त्यावर एका लहान मोटारीने त्यांना उडवलं. डाव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. दिवसभर काट्यापाशी उभं राहून पोट भरणारा माणूस तो.

मोटार चालवत होते नारायण पेठेतले गणिताचे शिक्षक. जखमीला स्वतःच्याच गाडीतून रुग्णालयात पोचवून ते आपणहून ठाण्यात हजर झाले. निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल झाला, जामीन झाला, गाडी ठाण्याच्या आवारात उभी राहिली. तपास माझ्याकडे होता, आणि प्रकरण दोन दिवसांत संपेल असं मला वाटलं होतं.

सरांचं म्हणणं एकच होतं. वेगाचा काटा चाळीसवर होता, सायकल दिसताच ब्रेक दाबला, स्टिअरिंग फिरवलं, पण गाडी वळलीच नाही. रस्त्यावर उमटलेली ब्रेकची खूण चाळीसच्या मानाने बरीच लांब होती. तसं म्हटल्यावर ते म्हणाले, आपली मोजपट्टी तपासून घ्या. पलीकडचा चहावाला शपथेवर सांगत होता की गाडी भरधाव होती. त्यावर सरांनी विचारलं, त्याच्या किटलीला काटा बसवलाय का? मी त्यांना पाच दिवस रोज बोलावलं. उलटसुलट प्रश्न विचारले, पण जबाब एका शब्दाने हलला नाही. उलट हवालदाराने लिहिलेला कागद वाचून त्यांनी 'चालवित'चं 'चालवीत' करून घेतलं. हवालदार दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

सहाव्या दिवशी टायरचं दुकान चालवणारे एक वयस्कर मुसलमान गृहस्थ ठाण्यात आले. अपघाताचं त्यांच्या कानावर आलं होतं.

"साहेब, त्या गाडीला मोठे टायर मीच बसवलेत, महिन्यापूर्वी. गाडी खाली घासते म्हणून सरांना उंच हवी होती. मी सांगितलं होतं, हे माप या गाडीचं नाही. ते म्हणाले, तुम्ही फक्त बसवा."

मी पंचनामा काढला. त्यात लिहिलं होतं, 'चारही टायर सुस्थितीत.' खाली सही माझी. पाच दिवस ती गाडी माझ्या खिडकीसमोर उभी होती आणि टायरवरचे आकडे वाचायला कोणी वाकलं नव्हतं.

मोटार वाहन निरीक्षकांना बोलावलं. त्यांनी पुढची चाकं वळवून दाखवली. मडगार्डच्या आत घासल्याचे ताजे ओरखडे होते. ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक खाली बसतं आणि मोठं टायर आत अडकतं, म्हणून ती वळली नव्हती. मग आमच्या चालकाने सोलापूर रस्त्यावर किलोमीटरच्या दगडांशी त्या गाडीचा मीटर ताडून पाहिला. दहा किलोमीटरला मीटर जेमतेम नऊ दाखवत होता. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं. मीटर मात्र जुन्याच चाकाच्या मापाने फेऱ्या मोजत राहतो. म्हणजे काटा चाळीसवर असताना गाडी चव्वेचाळीसच्या वेगाने धावत होती. शिवाय जड चाकांमुळे गाडी उचल घेईना आणि ब्रेकलाही लवकर दाद देईना, असं चालकाने सांगितलं.

सरांना बोलावून हे सगळं दाखवलं. ते चाकाशी वाकले आणि टायरवरचे आकडे वाचले.

"वर्तुळाचा परीघ मी पंचवीस वर्षं शिकवतोय," ते हळू आवाजात म्हणाले. त्यानंतर त्यांनी कशाचीच चूक काढली नाही. न्यायालयात गुन्हा कबूल केला.

त्याआधी तोलणारांचा पुरवणी जबाब घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. पाय प्लास्टरमध्ये होता. चाळीस आणि चव्वेचाळीसमधला फरक मी त्यांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितला.

"साहेब, मी वजनं तोलतो. काटा चुकीचा असला तर आधी दुकानदाराला धरतात, काट्याला नाही."

खोटं बोलणारा माणूस कुठेतरी अडखळतो आणि सापडतो. पाच दिवस मी सरांच्या अडखळण्याची वाट पाहत बसलो, आणि त्यांना अडखळायचं कारणच नव्हतं. त्यांनी काट्यावर जे पाहिलं तेच सांगितलं होतं. प्रामाणिक माणसाचा जबाब दुप्पट तपासावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. नोकरीची अठरा वर्षं उलटून गेल्यावर.