पांढरीच्या पंखांचा दोरा

चामराजपेटेत मी ज्या किराणा दुकानात काम करते, तिथं आज बाजरीचं नवं पोतं उसवलं. "स्वल्प मागं सर गं, धूळ उडेल," मालक अण्णा त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले. पण तो कोरडा वास नाकात गेला होता, आणि मी थेट सोलापूरच्या आमच्या घराच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर पोचले.

तिथं चहाच्या खोक्यांत दादाची बाजरीवर पोसलेली कबुतरं राहायची. नववीत शाळा सुटल्यावर माझा सगळा दिवस त्यांच्यातच जायचा. एकदा दादानं नवी पांढरी मादी आणली. ती जुन्या घरी परत जाऊ नये म्हणून तिचे पंख दोऱ्यानं बांधले. "उडता येत नाही तिला. संध्याकाळी खोक्याची कडी आठवणीनं लाव," त्यानं मला बजावलं.

मी विसरले. सकाळी धाब्यावर नुसती पांढरी पिसं पडली होती. मांजरानं डाव साधला होता.

"कडी कशी राहिली गं?" दादानं विचारलं.

"तूच तर शेवटी वर गेला होतास," मी म्हणाले.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खोक्याकडे बघत राहिला. "असेल. मीच विसरलो असेन." त्याच आठवड्यात त्यानं सगळी कबुतरं देऊन टाकली.

याच दादानं पुढं ओळखी काढून मला इथं कामाला लावलं. त्याच्यामुळंच मी सुखाचे चार घास खाते. परवा फोनवर म्हणाला, "पोरगी पोपट मागतेय गं. मी नाही म्हटलं. माझ्या हातून जीव सांभाळला जात नाही."

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. "नकोच आणू," एवढंच बाहेर पडलं.